जुन्या एंटरप्राइज डिंगीची डागडुजी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं मुख्यतः एंटरप्राइज डिंगी (डिंगी म्हणजे छोटी, उघडी शिडाची बोट) डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण आपल्याकडच्या सेलिंग क्लबांमध्ये जुन्या बोटी म्हटलं की हीच जास्त दिसते. जॅक होल्टचं डिझाइन, १९५६ साली इंग्लंडमध्ये आली, लांबी ४.०४ मीटर, दोन माणसांची, फिकट निळी शिडं. १९८२ च्या एशियाडचं सेलिंग मुंबईत झालं तेव्हा हा क्लास होता आणि पाकिस्तानच्या बैराम आवारींनी पत्नी गोश्पी यांच्यासोबत त्यात गोल्ड घेतलं होतं. तुमच्याकडे मिरर ही डिंगी किंवा दुसरी कुठली प्लायची नाहीतर फायबरची डिंगी असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

जुनी बोट फुकटात मिळतेय, घेऊ का? बघताना काय बघायचं?

रंग बघू नका. रंग गेलेला असणं हा काही आजार नाही, आणि नुकताच चकाचक रंग मारलेली जुनी बोट दिसली तर उलट जास्त सावध व्हा, कारण रंगाखाली काय काय पुरलंय ते दिसत नाही.

आधी चौघांनी मिळून बोट उचलून बघा. एंटरप्राइजचं नुसतं हल, म्हणजे बोटीचं रिकामं अंग, नव्वद किलोच्या घरात असतं. नुसतं हल उचलताना चौघांना धाप लागली तर आत कुठेतरी पाणी मुरलंय असं धरून चाला, फोममध्ये, हवेच्या टाकीत नाहीतर लाकडात. मग पाना किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक करत फिरा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, खराब जागी बद्द येतो, कान दहा मिनिटांत तयार होतो. जिथे बद्द आवाज येईल तिथे मार्करने गोल करा आणि शेवटी लांब उभं राहून बघा की गोल कुठे जमलेत. मास्टच्या (डोलकाठीच्या) पायाशी, सेंटरबोर्ड केसच्या (तळातून खाली सोडायची फळी ज्या खोक्यात बसते त्याच्या) दोन्ही बाजूंना, ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) रडरचे (सुकाणूचे) ब्रॅकेट बसतात तिथे आणि साइड डेकवर जिथे माणसं बसतात तिथे, या चार जागा मी नेहमी सगळ्यात आधी बघतो. टोकाला चार गोल असतील तर काम छोटं आहे, मास्टच्या पायाशी गर्दी असेल तर मोठं आहे.

बोट पाणी घेते. कुठून ते कसं शोधायचं?

बोट ट्रॉलीवर नीट टेकवून आत थोडंसं पाणी ओता, चारपाच बोटं उंचीचं पुरे. भरभरून ओतू नका हं, पाण्याचं वजन प्रचंड असतं आणि ट्रॉलीवर बोट पाण्यात तरंगत नसते त्यामुळे तळ वाकतो. बाहेरून तळ कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि बसून रहा. पाणी जिथून पाझरेल तिथे खूण करा. फक्त एक लक्षात असू द्या, थेंब जिथे पडतो तिथेच भोक असतं असं नाही, ओघळ उतारावरून येतो, त्यामुळे ओल वरपर्यंत मागे मागे शोधत जा.

बोट तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या टाक्यांसाठी साबणाचं पाणी. टाकीच्या ड्रेनच्या भोकात नळी बसवा, तोंडाने हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की सापडलं. कॉम्प्रेसर लावू नका. टाकीचे सांधे दाबासाठी बनवलेले नसतात, क्षणात उकलतात आणि मग छोट्या गळतीचं मोठं काम होऊन बसतं. खूप जुन्या बोटींमध्ये टाक्यांऐवजी हवा भरायच्या पिशव्या असतात, त्या रात्रभर फुगवून ठेवा आणि सकाळी बघा, शिवाय त्यांचे पट्टेही ओढून बघा, कारण बोट उलटल्यावर पिशवी वर ढकलते तो सगळा जोर पट्ट्यावर येतो.

जेलकोटला बारीक चिरा दिसतायत. बोट फुटणार का?

जेलकोट म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत, रंगीत वरचा थर. चिरा कशा आहेत त्यावर आहे. एका बिंदूपासून चांदणीसारख्या पसरलेल्या असतील तर तिथे कधीतरी काहीतरी आपटलंय, धक्का, दगड, दुसरी बोट. एका शेजारी एक अशा समांतर असतील तर ती जागा वाकतेय, आणि हा खरा प्रश्न आहे. लोक काय करतात, वरून चिरा उकरतात, जेलकोट भरतात, पॉलिश करतात, फोटो काढतात, आणि पुढच्या सीझनला त्याच चिरा त्याच जागी परत. कारण तळ अजूनही वाकतोच आहे. अशा ठिकाणी आधी आतून मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईसारख्या कापडाचे) एकदोन थर देऊन किंवा आडवी पट्टी बसवून ती जागा ताठ करा, मग बाहेरची चीर भरा.

चांदणीवाल्या चिरेतही जेलकोटच्या खालचं फायबर बघायचं. ठोकून बघा, शक्य असेल तर आतून टॉर्च मारा. रंग न दिलेल्या फायबरमध्ये मार लागलेली जागा पांढुरकी दिसते. पांढुरकी दिसली म्हणजे काचेचे धागे त्यांना धरून ठेवणाऱ्या रेझिनपासून सुटलेत, मग ते घासून काढावंच लागतं. नुसती जेलकोटचीच चीर असेल तर पटाशीच्या कोपऱ्याने व्हीसारखी उघडा, धूळ काढा, भरा. न उघडता वरून चोपडलं तर आत काहीच जात नाही.

तळाला भोकच पडलंय, मुठीएवढं. घरी होईल का?

होईल. भोक भयंकर दिसतं, पण खरं सांगायचं तर ही सगळ्यात समाधान देणारी दुरुस्ती आहे.

पहिलं काम धुणं. गोड्या पाण्याने, साबणाने, मग अॅसिटोनने पुसून वॅक्स काढा, त्यानंतरच घासायला घ्या. क्रम उलटा केला तर वॅक्स घासून घासून आत जातं आणि नवा थर धरत नाही. मग तुटकं फुटकं सगळं कापून काढा, अगदी टणक धडधाकट फायबर लागेपर्यंत, भोक मोठं होईल, होऊ द्या.

आता कडेला उतार द्यायचा, आणि सगळं यश इथेच आहे. जाडीच्या बारापट. तळ ४ मिमी जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी साधारण ४८ मिमी घासत घासत शून्यावर आणायचं. लोकांना हे पटत नाही, एवढं चांगलं फायबर का घासायचं म्हणतात, पण नवं फायबर जुन्याला फक्त चिकटलेलं असतं, एकजीव झालेलं नसतं, त्यामुळे चिकटायला जागा जितकी जास्त तितका सांधा पक्का. उभ्या कडेत बसवलेलं ठिगळ पहिल्या मोठ्या लाटेला बाटलीच्या बुचासारखं निघून येतं.

बाहेरून आधार म्हणून सनमायकाचा तुकडा घ्या, गुळगुळीत बाजूला वॅक्स पॉलिश दोनतीन हात मारा आणि टेपने तळाला चिकटवा. एंटरप्राइजचा तळ सपाट पट्ट्यांचा असल्याने सनमायका छान बसतो. मग आतून थर द्यायचे, ४५० किंवा ३०० जीएसएमची (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) मॅट, प्रत्येक तुकडा आधीच कापून ओळीने मांडून ठेवा, कारण रेझिन मिक्स झालं की कात्री शोधायला वेळ नसतो. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं. ब्रशने रंगवल्यासारखं ओढू नका, ठोकत ठोकत भिजवा आणि लोखंडी रोलरने हवा काढा. मॅट पांढरी दिसते तोवर हवा आहे, पारदर्शक झाली की झालं. एकदम सगळे थर देऊ नका, रेझिन घट्ट होताना तापतं, जाड थर स्वतःच्याच उष्णतेने तडकतो. दोनतीन थर, थंड होऊ द्या, मग पुढचे.

पॉलिएस्टर रेझिन घेऊ की इपॉक्सी?

फायबरच्या बोटीला आणि वरून जेलकोट मारायचा असेल तर पॉलिएस्टर चालतं, स्वस्त आहे, पटकन होतं. दुकानात मागताना नुसतं रेझिन म्हणालात तर जीपी म्हणजे साधं, सर्वसाधारण कामाचं देतात, बोटीसाठी आयसो (आयसोफ्थॅलिक) प्रकारचं मागा, पाण्यात ते जास्त टिकतं. लाकडाला मात्र इपॉक्सीच. पॉलिएस्टर लाकडावर नीट धरत नाही, दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखं सुटतं आणि सुटलेल्या जागेत पाणी साठून खालचं लाकूड कुजतं, म्हणजे न केलेलं बरं.

जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी उत्तम चिकटतं. उलटं करताना, म्हणजे इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट मारताना, त्रास होतो, वरचा थर चिकचिकीत राहतो. म्हणून इपॉक्सीने दुरुस्ती केली तर वरून टू-पॅक पीयू पेंट (दोन डबे मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) मारायचा असं आधीच ठरवा.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर असतं तेच ठेवायचं, वजनकाट्यावर मोजून. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणं ही पॉलिएस्टरची सवय आहे आणि इपॉक्सीत ती महागात पडते, जास्तीचा हार्डनर तसाच आत राहतो आणि सांधा मऊ राहतो. सुकल्यावर वर जो तेलकट थर येतो तो पाणी आणि स्क्रबरने धुऊन टाका, मगच पॉलिश पेपर लावा.

कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळे का देतात? एकत्रच मिसळून ठेवले तर?

अजिबात नाही. पॉलिएस्टर रेझिनचा हार्डनर, म्हणजे कॅटलिस्ट किंवा एमईकेपी, हा पेरॉक्साइड आहे आणि कोबाल्टशी (घट्ट होण्याचा वेग वाढवणाऱ्या द्रावाशी) थेट मिसळला तर भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, त्यानंतर कॅटलिस्ट, साधारण एक ते दोन टक्के. दोघांसाठी वेगवेगळे चमचे, वेगवेगळी भांडी, ठेवायच्या जागाही वेगळ्या. बऱ्याचदा रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, दुकानात विचारून घ्या.

एमईकेपी डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. गॉगल लावल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, आणि गेलाच तर लगेच नळाखाली निदान पंधरा मिनिटं सलग धुवायचं आणि डॉक्टरकडे. घासताना धुळीचा मास्क, रेझिन लावताना वासाच्या कार्ट्रिजवाला मास्क. कापडी रुमाल दोन्हीला उपयोगाचा नाही. उरलेलं रेझिन कपात तसंच ठेवलं तर धूर येईपर्यंत तापतं, ते उघड्यावर पसरट पत्र्यावर ओता.

पावसाळ्यात बोट रिकामीच असते, तेव्हाच सगळं केलं तर?

सगळ्यांच्या मनात हेच येतं. मुंबई हार्बरमध्ये साधारण ऑक्टोबर ते मे सेलिंग, जूनमध्ये बोटी झाकल्या की मोकळा वेळ. पण नेमकं तेव्हाच लाकूड ओलं, फायबर ओलं, हवा दमट. हवेत ओल ८० टक्क्यांच्या वर असताना लॅमिनेशन (रेझिन आणि मॅटचे थर देणं) करू नये असं माझं स्पष्ट मत आहे आणि कोकणपट्टीत जुलैमध्ये हवा त्याच्या खाली क्वचित येते. बंद खोली, डीह्युमिडिफायर, हॅलोजन असं सगळं असेल तर करा. नसेल तर पावसाळ्यात दोऱ्या, ब्लॉक, रडर, सेंटरबोर्ड, शिडांची शिवण अशी घरात आणता येणारी कामं काढा.

हलच्या कामाला ऑक्टोबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सोन्यासारखे. मेमध्ये सुकलेलं सगळं असतं पण रेझिन हातातच घट्ट होतं, तापमान दहा डिग्री वाढलं की हातातला वेळ जवळपास अर्धा होतो. मग सकाळी लवकर काम करा आणि छोट्या कपात थोडं थोडं मिसळा.

आणि बोट सुकायला वेळ द्या, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. मुरलेलं पाणी आतच ठेवून वरून भरलं की ते बाहेर यायला नवी वाट शोधतं. खराब भाग उघडा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा (मीठ ओल ओढून घेतं, त्यामुळे खारट लाकूड सुकतच नाही), पंखा लावा आणि आठवडे लागले तर लागू द्या. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून त्या जागी चिकटवून ठेवा, उन्हात एक दिवसानंतर आतून बाष्प धरलं तर अजून ओलं आहे.

माझी बोट प्लायची आहे आणि स्क्रूभोवती काळे डाग आहेत

टोच्या घ्या आणि डागात टोचा. टणक लागलं तर नुसता डाग, सहज आत गेला तर कुजलंय. जिथपर्यंत आत जातो तिथपर्यंत आणि त्याच्यापुढे अजून चार बोटं कापून काढायचं, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. कुजलेल्या लाकडावर पातळ इपॉक्सी ओतून ते कडक करायचा उपाय लोक सांगतात, तो शोभेच्या पट्टीला ठीक आहे, तळाला किंवा मास्टच्या पायाला नाही.

बऱ्याच जणांना वाटतं समुद्राच्या पाण्याने लाकूड कुजतं. उलट आहे, पावसाच्या पाण्याने जास्त कुजतं, खाऱ्या पाण्यात बुरशीला तितकं मानवत नाही. म्हणून ताडपत्रीला छिद्र असणं आणि बोट आडवी सपाट ठेवणं यानेच जास्त बोटी जातात. नाळ (बोटीचं पुढचं टोक) थोडी वर, ड्रेन उघडा, ताडपत्रीखाली वारा खेळता.

नवा तुकडा बसवताना कडेला उतार प्लायच्या जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमी. धारदार रंधा आणि प्लायच्या थरांच्या रेषा समांतर दिसतायत का तेवढं बघत रहायचं, रेषा सरळ तर उतार सरळ. चिकटवताना आधी दोन्हीकडे नुसतं पातळ इपॉक्सी लावून लाकडाला पिऊ द्या, मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं लावा आणि क्लॅम्प हलकेच आवळा. जीव खाऊन आवळलं तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. सागवान जोडायचं असेल तर आधी अॅसिटोनने पुसा, त्यात तेल असतं.

प्लाय कुठली? सुताराने सांगितलं वॉटरप्रूफ कुठलीही चालेल

आयएस ७१० चा शिक्का असलेली मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ ही घरातल्या फर्निचरची. शिक्का असला तरी कड बघा, आतल्या थरांत पोकळी दिसत असेल तर ती शीट ठेवून द्या. शंका असेल तर एक तुकडा घरी काही तास उकळून, सुकवून, परत उकळून बघा, थर सुटले तर तुम्हाला उत्तर मिळालं. कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करायची, पाणी प्लायमध्ये कडेनेच शिरतं.

तळावर बारीक बारीक फोड आलेत, फोडले तर आंबट वास येतो

ऑस्मोसिस. जेलकोटमधून पाणी आत जाऊन रेझिनमधल्या घटकांशी मिसळतं आणि व्हिनेगरसारखा वास येतो. डिंगी रोज पाण्याबाहेर काढतात म्हणून तिच्यात हे कमी दिसतं, पण झाकणाखाली पावसाचं पाणी महिनोन् महिने साठलेल्या बोटीत आतल्या बाजूने होऊ शकतं. गोड्या पाण्यात हे जास्त वेगाने होतं, तेव्हा तलावावर नेहमी पाण्यातच बांधून ठेवलेली बोट असेल तर लक्ष ठेवा. फोड उघडा, परत परत गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, इपॉक्सीने भरा. पाचदहा फोड असतील तर घाबरण्यासारखं काही नाही.

सेंटरबोर्ड केस गळते, दोनदा सील केली तरी

जुन्या डिंगीतली सगळ्यात नेहमीची गळती. बोर्डवर बाजूने जोर येतो, केस डुलते, तळाशी असलेला सांधा उकलतो. वरून सीलंट चोपडून हे थांबत नाही कारण सांधा हलतोय. आधी केसला वरून आधार देणारा आडवा थ्वार्ट (बसायची आडवी फळी) घट्ट आहे का बघा, बहुतेक वेळा त्याचे स्क्रू सैल असतात. ते पक्कं करा, मग केसच्या तळाशी दोन्ही बाजूंचा जुना सीलंट पूर्ण खरवडून काढा, इपॉक्सीचा गोलसर फिलेट (कोपऱ्यात भरलेला जाड थर) द्या आणि त्यावर काचेची टेप. पिव्हट बोल्टचे (ज्याभोवती बोर्ड फिरतो त्याचे) रबर वॉशर बदला, दहावीस रुपयांची वस्तू आहे आणि अर्ध्या बोटींत गळती तिथेच असते. खाचेखालची रबरी पट्टी फाटली असेल तर तीही बदला, तिने गळती थांबत नाही पण खाचेतून पाणी उसळणं कमी होतं.

सिलिकॉन, कारवाली पुट्टी, एम-सील, यातलं काय चालतं?

सिलिकॉन बोटीच्या जवळपास आणू नका, ते काढलं तरी पृष्ठभागावर त्याचा अंश राहतो आणि नंतर त्यावर रंगही धरत नाही, रेझिनही नाही. फिटिंगखाली पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. कारची पुट्टी पाणी पिते, पाण्याखालच्या भागात नको. एम-सील रेसच्या दिवशी किनाऱ्यावर तात्पुरतं भोक बुजवायला ठीक, घरी आल्यावर काढून नीट काम करा. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सीही सतत पाण्यात टिकत नाही.

नाळेखालचा आणि तळाच्या मधला भाग घासून पार पातळ झालाय

वाळूवर ओढून होतं हे. कील बँडची, म्हणजे तळाच्या मधोमध बसवलेली धातूची पट्टी झिजली की खालचं फायबर किंवा लाकूड झिजायला लागतं. पट्टी काढा, स्क्रूची भोकं तपासा (इथूनच पाणी आत जातं आणि कोणाला कळत नाही), भोकं इपॉक्सीने पूर्ण भरून परत नवी पाडा, झिजलेला भाग काचेच्या टेपने बांधून काढा, मग पट्टी पीयू सीलंटवर बसवा. आणि बोट ओढायची नाही, उचलायची, नाहीतर ट्रॉली पाण्यात न्यायची.

मास्ट आणि वायर कधी बदलायच्या?

शॅकलपासून (वायर जिथे अडकवतात त्या कडीपासून) टोकापर्यंत मास्टला ताणून धरणाऱ्या वायरवरून जुनं फडकं फिरवा. कुठे अडकलं तर एक तार तुटली आहे, आणि एक तार तुटली म्हणजे वायर बदलायची, उद्या नाही, आज. स्वेजच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या नळीच्या) तोंडाशी गंज किंवा वाक दिसला तरी तेच. अॅल्युमिनियमच्या मास्टवर स्टीलच्या रिव्हेटभोवती पांढरी पावडर जमते, ती दोन धातूंच्या संपर्काने अॅल्युमिनियम खाल्लं जातंय याची खूण आहे, तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा पातळ प्लास्टिक घाला. स्क्रू-बोल्ट घेताना मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला नुसतं एसएस (स्टेनलेस स्टील) म्हणू नका, ३१६ मागा, ३०४ ला खाऱ्या हवेत तांबडे डाग पडतात.

बंदरावरच्या फायबरवाल्याकडून करून घेऊ का?

जरूर. मच्छीमार होड्या फायबरने मढवणारे आपल्या किनाऱ्यावरचे कारागीर हाताने इतके सराईत असतात की त्यांचं हवा काढणं नुसतं बघत बसावं. फक्त त्यांना होडी जाड आणि दणकट करायची सवय असते आणि तुम्हाला डिंगी हलकी हवी असते. किती थर आणि कुठली मॅट हे आधीच बोलून घ्या, शक्य असेल तर कामभर तिथेच थांबा. रेसिंगची बोट असेल तर तळाचा आकार बदलणार नाही आणि क्लासच्या नियमात बसेल एवढंच करा.

रंग कधी आणि कुठला?

सगळ्यात शेवटी. टू-पॅक पीयू, फिकट रंग, कारण गडद हल आपल्या उन्हात एवढं तापतं की खालची दुरुस्ती उमटून दिसायला लागते. सकाळी दहाच्या सुमारास सुरू करा आणि दुपारपर्यंत संपवा, संध्याकाळचं दव पडलं की चकाकी जाते. डिंगी पाण्यात मुक्कामाला नसते त्यामुळे अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग) लावायची गरज नाही.

दुरुस्तीपेक्षा सोडून देणं कधी बरं?

मास्टचा पाया बसलाय, तळाची प्लाय जागोजागी सुटलीय आणि ट्रान्समही मऊ आहे, असं तिन्ही एकत्र असेल तर मी सांगेन की फिटिंग, मास्ट, रडर काढून घ्या आणि दुसरं हल शोधा. यातलं एखादंच असेल तर बोट वाचते, आणि वाचवावी, पन्नास वर्षांच्या प्लायच्या एंटरप्राइज नीट सांभाळल्या तर आजही वाऱ्यावर सुरेख चालतात.

सगळं झालं. पहिल्यांदा पाण्यात उतरवताना?

पॉलिएस्टर असो की इपॉक्सी, शेवटच्या थरानंतर निदान आठवडाभर उन्हात राहू द्या. मग हलका वारा, भरतीची वेळ, किनाऱ्याजवळ, अंगात लाइफ जॅकेट, सोबत दुसरी बोट. आधी शीड न चढवता वीसेक मिनिटं नुसती तरंगत ठेवा आणि ड्रेनच्या भोकाशी हात घालून बघत रहा. कोरडी असेल तर कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटवा, दहा मिनिटं तशीच ठेवा, सरळ करा आणि टाक्यांचे ड्रेन उघडून किती पाणी निघतं ते मोजा. एखादा पेला निघाला तर झाकणाचं रबर बदला. बादली निघाली तर त्या दिवशी किनाऱ्यापासून लांब जायचं नाही, परत साबणाचं पाणी घेऊन टाकीच्या सांध्यांशी बसायचं.